कॉलेजच्या इमारतीसाठी परदेशातल्या गोमंतकीयांकडून निधी: आधी पासपोर्ट, मग आकडा

चवथीचा दुसरा दिवस. दीड दिवसाचा गणपती संध्याकाळी पोचवायचा होता, घरात उत्तरपूजेची गडबड चालली होती. माटोळीखाली उभं राहून आमच्या वाड्यावरच्या एका मुलानं माझ्या हातात पाकीट ठेवलं. मुलगा म्हणजे आता चाळिशीचा, इंग्लंडात स्विंडनला एका गोदामात कामाला. आत नोटा, सगळे मिळून पाचशे पौंड. म्हणाला, "काका, कॉलेजच्या नव्या इमारतीला. पावती नको मला." तो याच कॉलेजात शिकला, पत्र्याखालचा वर्ग, जुलैचा पाऊस सुरू झाला की सरांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही. मी पाकीट परत त्याच्या हातात दिलं. त्याचा चेहरा पडला. त्याची आई म्हणाली, "आमच्या मुलाचे पैसे तुम्हाला चालत नाहीत का?"

त्या घरी अर्धा तास बसून मी जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. पेडणे तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा मी खजिनदार. त्याआधी सतरा वर्षं कुवेतला नोकरी केली, त्यामुळे देणाऱ्याची बाजूही मला माहीत आहे. आमच्या विज्ञान शाखेची इमारत उभी करताना जी धावपळ झाली, तिच्यातली निम्मी तरी अज्ञानातून झाली. तुमची संस्था या वाटेला लागणार असेल तर हे वाचून मगच पहिलं आवाहन पाठवा.

१. दात्याचा देश विचारू नका, पासपोर्ट विचारा

गोव्यात हा प्रश्न बाकी देशापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. कारण एकाच घरात एका भावाकडे भारतीय पासपोर्ट असतो आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले, त्यांची मुलं आणि नातवंडं लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होऊ शकतात, आणि हजारो गोमंतकीय तसे झाले आहेत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं, मतदारयादीत जुनं नाव राहिलेलं असलं, गावात घर असलं, तरी देणगीच्या हिशेबात तो माणूस परदेशी.

विदेशी अंशदान कायदा, २०१० (आपण सगळे त्याला एफसीआरए म्हणतो) पैशाचा उगम बघतो, आणि उगम म्हणजे देणाऱ्याचं नागरिकत्व. प्रत्यक्षात ते असं पडतं:

– भारतीय पासपोर्टवर दुबई, मस्कत, कुवेत, दोहा इथे नोकरी करणारा. त्यानं स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. ती देशी देणगी.
– तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, भारतीय पासपोर्टवर. बोट कुठल्याही देशाची असो, देणगी देशीच.
– स्विंडन, लेस्टर किंवा लिस्बनमध्ये राहणारा, पोर्तुगीज किंवा ब्रिटिश पासपोर्टवर. परदेशी.
– पोर्तुगीज पासपोर्ट काढून पुन्हा गावात येऊन राहिलेला निवृत्त माणूस. तोही परदेशी. त्यानं पणजीच्या बँकेतून रुपयांत धनादेश दिला तरी ती विदेशी देणगीच.
– परदेशात नोंदवलेलं गोमंतकीय मंडळ. त्याचे सगळे सभासद भारतीय नागरिक असले तरी मंडळ परदेशी.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो. रुपया दिसला की आपण निर्धास्त होतो.

आमच्याकडून नेमकी इथेच चूक झाली. आमच्या यादीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावापुढे 'मस्कत' लिहिलं होतं. मस्कत म्हणजे भारतीय पासपोर्ट, असं मी गृहीत धरलं. त्यानं दोन लाख रुपये पाठवले. बँकेनं रक्कम रोखून पासपोर्टची प्रत मागितली. प्रत आली ती पोर्तुगीज पासपोर्टची. दोन वर्षांपूर्वीच त्यानं काढला होता. रक्कम परत गेली, आणि जाता-येता विनिमयदरात आणि शुल्कात त्याचे पैसे कमी झाले. त्याला फोन करून हे सांगणं मला फार जड गेलं. चूक त्याची नव्हती. मी एक प्रश्न विचारला नव्हता.

लिस्बनला फक्त जन्मनोंद केली आहे, पासपोर्ट अजून भारतीय आहे, असेही लोक भेटतील. त्यांच्याबाबत स्वतः निर्णय घेऊ नका. या कायद्याचं काम करणाऱ्या सनदी लेखापालाला कागद दाखवा, आणि तो लेखी सांगेपर्यंत रक्कम घेऊ नका.

आणखी एक वाट लोक सुचवतात: "मी भावाच्या खात्यावर पाठवतो, तो तुम्हाला देईल." नातेवाइकांना वर्षाला दहा लाखांपर्यंत सरकारला न कळवता पाठवता येतात हे खरं. पण ती सवलत नातेवाइकासाठी आहे. तेच पैसे पुढे संस्थेकडे आले की ती संस्थेला मिळालेली विदेशी देणगी होते. कायदा मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पदाधिकाऱ्यांच्या घरांवर हे ओझं कुणी टाकू नये.

२. संस्थेची कपाटं आधी उघडा

महाराष्ट्रातले मित्र तुम्हाला धर्मादाय आयुक्तांकडे जा म्हणतील. ती पायरी तिकडची. गोव्यातल्या बहुतेक शिक्षणसंस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या आहेत, आणि आपलं काम निबंधक कार्यालयाशी. तिथे दरवर्षीची कार्यकारिणीची यादी भरलेली आहे का ते पहा. कित्येक जुन्या संस्थांत निवडणूक होते, पण बदललेली यादी निबंधकांकडे पोचत नाही. मग केंद्रीय गृह मंत्रालयाकडच्या एफसीआरए अर्जावर एक अध्यक्ष आणि निबंधकांच्या दप्तरात दुसरा, असं होतं आणि अर्ज तिथेच अडकतो.

जमवायचे कागद:

– संस्थेचा नोंदणी दाखला, घटना आणि नियमावली
– अद्ययावत कार्यकारिणी, प्रत्येक पदाधिकाऱ्याचं आधार आणि पॅन
– मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल
– संस्थेचं पॅन, आयकर खात्याकडची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (दात्याला करसवलत) नोंदणी
– नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचा) क्रमांक
– इमारत बांधण्याचा आणि निधी उभारण्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव, सह्यांनिशी

घटनेत संस्थेचे उद्देश वाचा. 'विद्यालय चालवणे' एवढंच लिहिलेलं असेल आणि तुम्ही महाविद्यालय बांधत असाल, तर आधी घटनादुरुस्ती करा.

३. जमिनीचा प्रश्न मिटल्याशिवाय एक रुपयाही मागू नका

हे मी ठामपणे सांगतो. परदेशात बसलेला माणूस गावातल्या प्रत्येक अर्धवट कामाची गोष्ट ऐकून असतो. पैसे घेतले आणि जमीन रूपांतराच्या सनदेसाठी तीन वर्षं गेली, तर तुमच्यानंतर येणाऱ्या संस्थेलाही तो देणार नाही.

नमुना १ व १४ चा ताजा उतारा काढा आणि कुळाचे व इतर हक्कांचे रकाने नीट वाचा. कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर ते आधी सोडवावं लागेल. जमीन कोमुनिदादीची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेची) किंवा देवस्थानाची असेल तर त्या संस्थांच्या स्वतःच्या परवानग्यांची वाट वेगळी आणि लांब असते. प्रादेशिक आराखड्यात जागा वसाहत क्षेत्रात आहे की बागायतीत, ते नगरनियोजन खात्याकडून लेखी घ्या. त्यानंतर जमीन रूपांतराची सनद, नगरनियोजनाची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना.

जमीन कुणाच्या नावावर आहे याकडे विशेष लक्ष द्या. काही ठिकाणी जमीन एका ट्रस्टची असते आणि कॉलेज चालवते दुसरी संस्था. २०२० च्या दुरुस्तीपासून विदेशी देणगी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी आहे. म्हणजे ज्या संस्थेच्या नावानं पैसे येणार, तिच्याच नावावर इमारत उभी राहिली पाहिजे. ठेकेदाराला कामाचे पैसे देण्यात अडचण नाही. दुसऱ्या संस्थेकडे निधी वळवण्यात आहे.

४. एफसीआरए: नोंदणी की पूर्वपरवानगी

परदेशी पासपोर्टवाल्यांकडून घ्यायचं तर गृह मंत्रालयाकडून दोनपैकी एक गोष्ट हवी.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिनं मूळ कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावेत. शाळा-कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला हे सहसा जड नाही; मात्र कार्यालयीन खर्च यात धरला जात नाही. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते.

पूर्वपरवानगी म्हणजे ठरावीक दात्याकडून, ठरावीक रक्कम, ठरावीक कामासाठी. दात्याचं वचनपत्र जोडावं लागतं. रक्कम एक कोटीपेक्षा जास्त असेल तर हप्त्यांनी मिळते. एखाद्या परदेशी प्रतिष्ठानानं सगळी इमारत उचलून धरली असेल तर ही वाट बरी. तुमच्याकडे दीडशे दाते आणि प्रत्येकाचे दोनशे-पाचशे पौंड असतील, तर दीडशे वचनपत्रं जमवत बसू नका. सरळ नोंदणी करा.

अर्ज सगळा ऑनलाइन आहे. नोंदणीसाठी एफसी-३ए, पूर्वपरवानगीसाठी एफसी-३बी. शुल्क अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तेच खरं मानून भरा. कायद्यात 'साधारणपणे ९० दिवस' असं लिहिलं आहे. तुम्ही वेळापत्रक आखताना यापेक्षा पुष्कळ जास्त धरा. अर्ज केल्यावर चौकशीला माणसं येतात, संस्थेत काय चालतं ते विचारतात. त्या दिवशी हिशेबाच्या वह्या, हजेरीपट आणि ठरावाचं पुस्तक टेबलावर असावं, शोधावं लागू नये.

बँकेचं काम नवीन लोकांना चमत्कारिक वाटतं. देशातल्या कुठल्याही संस्थेला विदेशी देणगी पहिल्यांदा एकाच ठिकाणी घ्यावी लागते: भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, संसद मार्गावर. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. आपल्या जवळच्या स्टेट बँकेच्या शाखेतून कागद पुढे जातात. तिथून मग गावच्या बँकेत वापरासाठी वेगळं खातं जोडता येतं. मात्र दात्यानं थेट गावच्या खात्यावर पाठवलं तर तो भंग होतो. म्हणून परदेशी पासपोर्टवाल्यांना पाठवायच्या संदेशात फक्त दिल्लीच्या खात्याचा तपशील असावा, दुसरा कुठलाही आकडा नसावा.

विदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. आम्ही तो शून्य ठेवला. टपाल, प्रवास, छपाई सगळं स्थानिक वर्गणीतून केलं. दात्यांना हे सांगता आलं, आणि त्याचा उपयोग झाला.

वस्तूही विदेशी देणगीत मोडतात हे विसरू नका. कुणी प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक पाठवतो म्हणाला, तर तोही याच नोंदवहीत.

स्विंडनच्या त्या मुलाची रक्कम पुढच्या वर्षी, नोंदणी आल्यावर, दिल्लीच्या खात्यावर आली.

५. दोन खाती, दोन वह्या, मध्ये भिंत

विदेशी देणगीच्या खात्यात देशी एक रुपयाही जमा करू नका, आणि उलटही नाही. विदेशी रकमेवरचं बँकेचं व्याजसुद्धा विदेशीच धरलं जातं. ठेकेदाराचं बिल दोन्हीकडून भागवायचं असेल तर दोन वेगळे धनादेश काढा आणि बिलावर लिहा: पाया व जोते इतकं या खात्यातून, चिऱ्यांचं बांधकाम इतकं त्या खात्यातून. लेखापरीक्षक वर्षअखेरीला हेच शोधत असतो.

आखातातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना एक सोपी गोष्ट सांगा: तिकडून थेट संस्थेच्या खात्यावर परकीय चलन पाठवू नका. आधी स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांसाठीची भारतातली बँक खाती) आणा, मग तिथून रुपयांत संस्थेला द्या. बँकेच्या विवरणात नाव, खातं, रक्कम सगळं स्वच्छ दिसतं आणि रक्कम रोखली जात नाही. खिडकीवर रोख भरून घरी पैसे पाठवायची जी मनी ट्रान्सफरची सोय असते, ती फक्त घरगुती पैशांसाठी आहे. त्या मार्गानं धर्मादाय संस्थेला देणगी पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मी कुवेतला असताना तिथूनच घरी पैसे पाठवायचो, त्यामुळे लोकांच्या हाताला तीच सवय असते हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगा.

आता क्यूआर कोडविषयी. उत्साही तरुण कार्यकर्ते पहिल्याच दिवशी संस्थेचा क्यूआर कोड बनवतात आणि वाड्यांच्या, जत्रेच्या, माजी विद्यार्थ्यांच्या गटांवर टाकतात. तो कोड कुठे कुठे फिरेल यावर तुमचा ताबा नाही. लंडनमधला माणूस त्याच्या गोव्यातल्या खात्यातून पाच हजार टाकतो, आणि तुम्हाला फक्त एक नाव दिसतं. पासपोर्ट कुठला, पत्ता कुठला, काही कळत नाही. आम्ही कोड फक्त कॉलेजच्या कार्यालयात, काचेखाली ठेवला. बाहेरच्या प्रत्येकाला आधी फॉर्म, मग खातं क्रमांक.

६. मागायचं कसं

पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचं नाव गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. १९०८ सालची संस्था. घराघरांतून मूठ मूठ तांदूळ बाजूला काढून शिक्षणासाठी पैसा उभा राहिला, आणि तेच तिचं नाव झालं. पोर्तुगीज अमलात मराठी शाळा चालल्या त्या अशा मुठींवर. परदेशातल्या माणसाकडे जाताना मी हीच गोष्ट मनात ठेवतो: मोठा दाता शोधण्यात वर्ष घालवू नका, मूठ ठरवून द्या.

आमच्या अभियंत्यानं अंदाजपत्रक खोल्यांप्रमाणे फोडून दिलं. सहा वर्ग, दोन प्रयोगशाळा, जिना, स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी. मग प्रत्येक वर्गाचा खर्च दहा-बारा जणांत वाटला. दहा दिनार महिन्याला, दोन वर्षं, असं सांगितलं की कुवेतमधला सुतार किंवा ड्रायव्हरही यात येतो. त्यानं एनआरई खात्यातून दरमहा आपोआप रक्कम जाण्याची सूचना देऊन ठेवली की त्याला पुन्हा फोन करावा लागत नाही. माझा अनुभव असा की हे दहा दिनारवाले शेवटपर्यंत टिकले. सभेत उठून मोठा आकडा जाहीर करणाऱ्यांपैकी काहींच्या मागे आम्हाला वर्षभर फिरावं लागलं.

पहिला संदेश आम्ही असा पाठवला. जसाच्या तसा वापरलात तरी चालेल:

"सप्रेम नमस्कार. आपल्या कॉलेजच्या विज्ञान इमारतीचं काम सुरू होत आहे. जमिनीची सनद, नगरनियोजनाची मंजुरी आणि पंचायतीचा परवाना मिळाला आहे. प्रती सोबत आहेत. तुम्हाला यात सहभागी व्हायची इच्छा असेल तर आधी एवढंच कळवा: तुमचा सध्याचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे? त्याप्रमाणे योग्य खात्याचा तपशील आम्ही तुम्हाला पाठवू. कृपया हे कळवल्याशिवाय रक्कम पाठवू नका, आणि कुणाच्याही हाती रोख देऊ नका."

रक्कम मागितलेली नाही हे लक्षात घ्या. ज्यांना द्यायचं आहे ते उत्तर देतात, आणि मग आकड्याचं बोलणं एकेकाशी करता येतं.

वेळ बघून बोला. कुवेत, कतार, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. इंग्लंड आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. गोदामात रात्रपाळी करणाऱ्याला रविवारी दुपारनंतर गाठावं. तारवटी बोटीवर असताना त्याला त्रास देऊ नका; करार संपवून घरी आला की निवांत भेटा, तो सगळं ऐकून घेतो. चवथ, शिगमो, गावची जत्रा आणि मे महिना, या दिवसांत लोक गावात असतात. त्यांना कार्यालयात बोलावू नका. बांधकामाच्या जागेवर न्या, नकाशा हातात द्या, जुना पत्र्याचा वर्ग दाखवा.

आता सगळ्यात गंभीर सूचना. आखातात आपल्या माणसाला वर्गणी गोळा करायला लावू नका. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कायद्यानं विनापरवाना देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. त्यात समाजमाध्यमांवरचं आवाहनही येतं. आखातातल्या इतर देशांतही यावर कडक निर्बंध आहेत. दुबईतल्या आपल्या भल्या माणसानं कंपनीच्या वसाहतीत चार मित्रांकडून दिरहम जमवले, तर त्याची नोकरी जाऊ शकते, तुरुंगवास होऊ शकतो. 'तिकडचा प्रतिनिधी' असं कुणाचं नाव पत्रकावर छापू नका. प्रत्येकानं स्वतःचे पैसे स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावानं द्यावेत. ओळख करून देण्यापलीकडे कुणी काही करू नये.

इंग्लंडात नोंदवलेलं धर्मादाय मंडळ असेल तर त्याचा एक फायदा आहे. तिथला करदाता अशा मंडळाला देणगी देतो तेव्हा गिफ्ट एड योजनेखाली प्रत्येक पौंडामागे आणखी २५ पेन्स मंडळाला सरकारकडून मिळतात. आपल्या इथल्या संस्थेला थेट दिलं तर ते मिळत नाहीत. तिकडे असं मंडळ आधीच असेल आणि त्याच्या उद्देशांत शिक्षण बसत असेल, तर त्यांच्याशी बोला. त्यांची रक्कम अर्थातच दिल्लीच्या खात्यावर येईल. केवळ यासाठी नवीन मंडळ काढायला कुणाला सांगू नका, ते चालवण्याचं काम मोठं असतं.

७. फॉर्म आणि पावती

दात्याच्या फॉर्मवर एवढं घ्या: पूर्ण नाव, परदेशातला पत्ता, नागरिकत्व, पासपोर्टची प्रत, रक्कम, 'विज्ञान इमारतीसाठी' असा स्पष्ट हेतू आणि 'ही रक्कम माझ्या स्वतःच्या बचतीतली आहे' हे वाक्य सहीसह. पासपोर्टची प्रत मागताना लोकांना संकोच वाटतो, मागणाऱ्यालाही. कारण समजावून सांगितलं तर बहुतेक जण पाठवतात. त्या प्रती गटावर मागवू नका, कुणा कार्यकर्त्याच्या फोनवर ठेवू नका. एकाच व्यक्तीकडे, कुलपात.

पावती तीन दिवसांच्या आत पाठवा. आमची देशी पावती पांढरी आणि विदेशी पिवळी होती, म्हणजे कार्यालयातल्या मुलीचीही गफलत व्हायची नाही.

ज्यांना इथे घरभाडं किंवा एनआरओवरचं व्याज आहे आणि त्यावर जुन्या पद्धतीनं कर भरतात, ते ८०जी विचारतील. त्यासाठी देणग्यांचं विवरण आयकर खात्याला ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि मगच दात्याचं प्रमाणपत्र निघतं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यानं कलमांचे क्रमांक बदलतात. पावतीपुस्तक छापण्याआधी लेखापरीक्षकाला दाखवून घ्या.

८. काम सुरू झाल्यावर

गोव्यात पावसाचे चार महिने बांधकाम रेंगाळतं. दिवाळीनंतर पाया खणायला घेतला तर मेअखेर स्लॅब टाकून होऊ शकतो. हे दात्यांना आधीच सांगा, म्हणजे जुलैमध्ये फोटोत काहीच बदल दिसला नाही तर शंका येत नाही.

महिन्याला एक पत्र. त्यात तीन आकडे: आजवर आले किती, खर्च झाले किती, शिल्लक किती, देशी आणि विदेशी वेगळे. आणि एकाच जागेवरून काढलेला एक फोटो. आम्ही समोरच्या आंब्याच्या झाडाला खूण करून ठेवली होती, दरवेळी तिथूनच काढायचा. चिरे जोत्यापासून खिडकीच्या उंचीपर्यंत चढलेले लोकांना स्वतः दिसले. एका महिन्यात काम बंद पडलं, रेती मिळत नव्हती. तेही लिहिलं. त्या पत्राला सगळ्यात जास्त उत्तरं आली.

नावांचा फलक लावणार असाल तर नियम आधी ठरवा. आम्ही रक्कम न लिहिता, अद्याक्षरांच्या क्रमानं सगळी नावं लावली.

९. वर्षअखेरची कामं

विदेशी देणगीचं वार्षिक विवरण, एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, ऑनलाइन भरायचं. एकही पैसा आला नाही त्या वर्षीसुद्धा भरायचं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. नाताळात आपल्याकडे लेखापालही सापडत नाहीत. पदाधिकारी किंवा बँक खातं बदललं तर तेही पोर्टलवर मुदतीत कळवावं लागतं.

पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्याआधी सहा महिन्यांत अर्ज करता येतो आणि किमान चार महिने आधी करा अशी मंत्रालयाची सूचना आहे. मुदत संपली की विदेशी खात्यातले पैसे घेताही येत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. अर्धी भिंत उभी असताना हे झालं तर ठेकेदाराला काय सांगणार? ही तारीख खजिनदार आणि कार्यवाह अशा दोघांच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

आणि इमारत पूर्ण होऊन रक्कम उरली तर ती बाकांसाठी, संगणकांसाठी परस्पर वळवू नका. दात्यानं 'इमारतीसाठी' असं लिहून दिलेलं आहे. आमच्याकडे थोडी शिल्लक राहिली तेव्हा प्रत्येकाला पत्र पाठवून ती प्रयोगशाळेच्या ओट्यांना आणि नळजोडणीला वापरू का, असं विचारलं. होकार लेखी घेतले, फाइलला लावले, कार्यकारिणीत ठराव केला आणि मगच प्लंबरला बोलावलं. विदेशी शिल्लक खर्च होईपर्यंत तिच्याच खात्यात राहिली.